घरचीं यंत्रें : स्टिअरिंग रॅकचा जीर्णोद्धार

पाण्याच्या पंपावरील लेखाच्या शेवटीं आम्हीं वाचकांस असें वचन दिलें होतें कीं, पुढील लेख मोटारीविषयीं लिहूं. तें वचन पाळण्यास दोन महिने विलंब झाला. विलंबाचें कारण आळस नव्हे, लाज हें होय. ज्या विषयावर लिहावयाचें, त्याच विषयांत आमच्या हातून मोठा प्रमाद घडला होता. आणि तो घरांतील माणसांपुढें कबूल केल्यावांचून वाचकांपुढें उपदेशकाचा आव आणणें आम्हांस प्रशस्त वाटेना. आतां तें झालें आहे. म्हणून लेखणी हातीं घेतों.

आमच्या घरांत तीन बिऱ्हाडें एका चुलीवर नांदतात, आणि त्या सर्वांस मिळून मोटार एकच. ती २००३ सालीं, मास्तरकीच्या पगारांतून काटकसरीनें जमविलेल्या पैशांनीं घेतलेली. तेव्हांपासून रत्नागिरीचा खारा वारा आणि तेथील पावसाळे तिनें आमच्याबरोबर सोसले. एके वर्षीं माघांत, सकाळीं अंगणांतील फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग आम्हांस दिसला. बॉनेट उघडून पाहतों तों पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या डब्यांतील पातळी खालच्या खुणेशीं आलेली. आम्हीं बाजारांतून तेलाची बाटली आणून डबा भरला, फरशी राखेनें पुसली आणि गोष्ट तेथेंच मिटविली. पुढें हा क्रमच झाला. प्रथम महिन्यास एकदां, मग पंधरवड्यास, मग दर आठवड्यास. घरांत कोणास एक अक्षर सांगितलें नाहीं. मनांत हिशेब असा कीं, बाटलीस लागतात ते पैसे थोडे, दुरुस्तीस लागतील ते फार; शिवाय मुलगे म्हणतील, "बाबा, आतां ही गाडी विकून टाकूं."

श्रावणांत आमची थोरली सून नातवास घेऊन कोल्हापुरास माहेरीं निघाली. आंबा घाटांत पाऊस, धुकें, आणि समोरून मालमोटारी. एका आखूड वळणावर तिच्या हातांतील चाक एकाएकीं दगडासारखें जड झालें. तिनें दोन्ही हातांचें सर्व बळ लावून गाडी कशीबशी वळविली. ती दरडीच्या बाजूच्या गटारांत एक चाक घालून थांबली. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं. रात्रीं तिचा फोन आला : "बाबा, स्टिअरिंगचें तेल संपलें होतें, असें येथला मेकॅनिक म्हणाला. तुम्हांला आधीं कांहीं जाणवलें होतें का?"

आम्हीं "आल्यावर पाहूं" एवढेंच म्हणून फोन ठेवला. सारा जन्म मुलांस खरें बोलण्याचा पाठ देण्यांत गेला, आणि त्या एका सरळ प्रश्नाचें सरळ उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं.

असो. आतां यंत्राकडे वळूं. कारण दोषाचें मूळ समजल्यावांचून प्रायश्चित्तहि नीट होत नाहीं.

मोटारीच्या हातचाकाची सळई खालीं उतरते व तिच्या टोकास एक लहान दंतचक्र असतें. त्यास पिनियन म्हणतात. त्याचे दात एका आडव्या दातेरी दांड्यांत गुंतलेले असतात. हा दांडा म्हणजेच रॅक. चक्र फिरलें कीं दांडा डावीकडे वा उजवीकडे सरकतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांस जोडलेले टाय रॉड पुढच्या चाकांस ओढतात वा ढकलतात. हातचाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे फिरतें; तेवढ्यांत हा दांडा वीतभरहि सरकत नाहीं. म्हणजे आपण जें बळ लांब अंतरावर पसरून देतों, तेंच तेथें थोड्या अंतरांत एकवटतें. तरीहि उभ्या गाडीचीं चाकें वळविणें हें नाजूक मनगटांचें काम नव्हे. त्यासाठीं तेलाचें साहाय्य.

हें साहाय्य कसें मिळतें तें ऐकण्यासारखें आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो व तेलास दाब देतो. सामान्य मोटारींत हा दाब पराकाष्ठेस पोहोंचला म्हणजे ६० ते १०० बारच्या घरांत जातो. चाकांतील हवेचा दाब सुमारें २ बार असतो, यावरून त्याची कल्पना यावी. दातेरी दांड्याचा एक भाग नळींत बसविलेला असून त्यावर दट्ट्या असतो. दट्ट्याच्या ज्या बाजूस तेल शिरेल तिच्या उलट बाजूस दांडा ढकलला जातो. कोणत्या बाजूस तेल सोडावयाचें हें ठरविणारी झडप पिनियनच्या माथ्याशीं असते, आणि तिच्या पोटांत एक बारीक पोलादी सळई असते. आपण हातचाक वळविलें आणि रस्त्यानें विरोध केला, कीं ही सळई किंचित् पिळली जाते. त्या पिळामुळें झडप उघडते आणि तेल धांवतें. चाकें वळून आपल्या हातास जुळलीं, कीं पीळ सुटतो व झडप मिटते. जितका पीळ तितकें साहाय्य. मागितल्याहून अधिक नाहीं, न मागतां मुळींच नाहीं. एकत्र कुटुंबांत वडील माणसांनीं मदत कशी करावी याचा याहून चांगला नमुना आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आणखी एक गोष्ट घरांतील प्रत्येक चालकास ठाऊक असावी. तेल संपलें, पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडलें, तरी हातचाक आणि दांडा यांचा दातांचा संबंध कायम राहतो. गाडी जड होते, पण सुटत नाहीं. आमच्या सुनेस हें ठाऊक नव्हतें. "चाक तुटलें" असेंच तिला वाटलें. ठाऊक असतें तर तिची निम्मी भीति तरी कमी झाली असती. कठोपनिषदांत शरीरास रथ, बुद्धीस सारथि आणि मनास लगाम म्हटलें आहे. लगाम जड झाला तरी तो हातीं आहे, हें सारथ्यास माहीत पाहिजे.

तेलाच्या दाबाची ही युक्ति अमेरिकेंत फ्रान्सिस डेव्हिस नांवाच्या यंत्रज्ञानें १९२६ सालीं मोटारीवर बसवून दाखविली. परंतु ती विक्रीच्या मोटारींत यावयास क्रायस्लर कंपनीची १९५१ सालची इंपीरियल गाडी उजाडावी लागली. पुढें १९८८ सालीं सुझुकीच्या सर्व्हो या लहान गाडींत तेलाऐवजीं विजेचें साहाय्य आलें. हल्लींच्या नव्या गाड्यांत बहुधा विजेचीच योजना असते. म्हणून तेलाचा रॅक हा आतां मुख्यतः जुन्या गाड्यांचा, आणि अर्थात् आमच्यासारख्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांचा विषय होत चालला आहे.

रॅक जीर्ण झाल्याचीं लक्षणें कोणतीं? डब्यांतील तेल वारंवार उतरणें, गाडीखालीं डाग पडणें, चाक वळवितांना पंपानें कण्हल्यासारखा आवाज करणें, हातचाक एका बाजूस हलकें व दुसऱ्या बाजूस जड लागणें, वळणानंतर तें आपोआप मध्यावर न येणें, खड्ड्यांतून जातांना हातांस खटखट जाणवणें, आणि ज्यास कारखान्यांत "प्ले" म्हणतात तो मोकळा खेळ वाढणें. परंतु वाचकांनीं एक ध्यानांत ठेवावें : यांतील एकहि लक्षण केवळ रॅकचें नव्हे. ज्वर म्हटला म्हणजे मलेरियाच असतो असें नाहीं, तसेंच हें.

म्हणून आधीं स्वस्त कारणें पाहावीं. चाकांतील हवा कमी असली तरी गाडी जड होते व एकीकडे ओढते. पट्टा सैल असला तरी साहाय्य घटतें. पुढचें चाक जॅकवर उचलून, गाडी भक्कम टेकूवर ठेवून, तें चाक डावी-उजवीकडून धरून हलवावें. खेळ जाणवला तर टाय रॉडचे सांधे पाहावे. वर-खालीं धरून हलविल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. ज्या रबरी बुशांवर रॅक बसविलेला असतो ते झिजले, तर सबंध रॅकच जागेवर हलतो व दोष दांड्याच्या माथीं बसतो. तेलाचेंहि तेंच. वरच्या नळीचा सांधा गळत असला तर तेल ओघळून रॅकवरूनच ठिबकतें. सर्व भाग स्वच्छ पुसून, इंजिन चालवून, ओल प्रथम कोठें उमटते तें पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. रॅकच्या टोकांस जे घड्या घातलेले रबरी बूट असतात, त्यांच्या आंत तेल सांचलेलें सांपडलें, तर मात्र आंतलें सील गेलें यांत शंका नाहीं.

आमच्या गाडीच्या उजव्या बुटांतून वाटीभर तेल निघालें. आमचा मेकॅनिक तिशींतला तरुण, बोलण्यास थोडा, हातानें नेमका. त्यानें रॅक काढून उघडला, दांडा फडक्यानें लख्ख पुसला आणि आमच्यापुढें धरला. "गुरुजी, नख फिरवून पाहा." आम्हीं नख फिरविलें. गुळगुळीत पोलादावर दोन ठिकाणीं तें अडकलें. तेथें गंजानें बारीक खड्डे पाडले होते. "नख अडकतें तेथें सील टिकत नाहीं," तो म्हणाला. "नवें घातलें तरी हे खड्डे त्याला खरवडून काढतील. दांडाच बदलायला हवा."

मग त्यानें आम्हांस फाटलेला बूट दाखविला. बोटाएवढी चीर. ती केव्हां पडली तें आम्हांस कळलेंहि नव्हतें. त्या चिरेंतून पावसाचें पाणी व रेती आंत गेली. पाण्यानें दांडा गंजला. गंजानें सील खरवडलें. सिलांतून तेल गेलें. तेल उतरल्यावर पंपानें हवा ओढली. आणि हवेमुळें घाटांत साहाय्य नाहींसें झालें. बूट ही सर्वांत स्वस्त वस्तु. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळें सर्वांत महाग वस्तु गेली.

येथें आमचा दुसरा प्रमाद. हें सर्व डोळ्यांनीं पाहूनहि आम्हीं म्हटलें, "सध्यां सीलेंच बदला." सीलांचा संच थोड्या पैशांत येत होता, दुसरा रॅक म्हणजे निवृत्तिवेतनांतील मोठा घास. तो बिचारा कांहीं बोलला नाहीं. त्यानें खड्डे जमतील तेवढे घासून मऊ केले, सीलें घातलीं, आणि पावतीवर "ग्राहकाच्या आग्रहावरून" असे दोन शब्द लिहिले. नऊ आठवड्यांनीं, दिवाळीच्या रांगोळीशेजारीं, तोच रुपयाएवढा डाग पुन्हां उमटला.

या अनुभवानें शिकविलेला निर्णयाचा क्रम आतां सांगतों. दांडा गुळगुळीत, दात शाबूत आणि बाहेरची नळी न चरलेली, असें असेल तर सीलांचा संच घालून जीर्णोद्धार खुशाल करावा. नव्याची गरज नाहीं. दांड्यास खड्डे असतील तर तो घासून वर कठीण क्रोमचा थर देणारा जाणता कारागीर शोधावा, अथवा दुसरा दांडा घालावा. दात मध्यावर झिजले असतील तर मात्र रॅकच बदलावा. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीज मध्यावर अधिक होते. रॅकच्या पाठीशीं दाब देणारा एक स्क्रू असतो. तो आवळला कीं मध्यावरचा खेळ जातो खरा, पण टोकांकडचे न झिजलेले दात मग अडकूं लागतात, आणि वळणावर चाक आखडतें. प्रत्येक ढिलाईवर आवळणें हा उपाय नव्हे, हें आम्हीं शाळेंतहि उशिरांच शिकलों.

बदलावयाचा तर तीन मार्ग. नवा कोरा मिळाल्यास उत्तम. पण जुन्या गाडीचा तो मिळेलच असें नाहीं. दुसरा, जाणत्या कारखान्यांत पुनर्निर्मित केलेला. त्यांत दांडा तपासला कीं केवळ सीलें बदललीं, हें विचारावें व हमी लेखी घ्यावी. तिसरा, भंगारांतील गाडीचा. तो स्वस्त खरा, पण त्यांतील रबरहि आपल्याइतकेंच म्हातारें असतें. आम्हीं दुसरा मार्ग पत्करला. कोल्हापुराहून नव्या दांड्याचा रॅक आला व जुना बदली गेला.

तो बसवितांना आम्ही सकाळपासून स्टुलावर बसून होतों. जें पाहिलें तें थोडक्यांत सांगतों. वाचकांनीं स्वतः करावें म्हणून नव्हे, तर करणारा नीट करतो कीं नाहीं हें कळावें म्हणून. प्रथम त्यानें चाकें सरळ करून हातचाक दोरीनें बांधून टाकलें. ज्या गाड्यांत एअरबॅग असते, त्यांत हातचाकाखालीं तारांची एक गुंडाळी असते. रॅक सुटला असतां चाक मोकळें फिरलें तर ती तुटते. नंतर टाय रॉडचे सांधे सोडण्यापूर्वीं त्यानें आट्यांचे फेरे मोजून लिहून ठेवले, आणि सळई व पिनियन यांच्या जोडावर खडूनें खूण केली. मग तेलाच्या नळ्या सोडून जुनें तेल काढलें. तें काजळासारखें काळें होतें. तो म्हणाला, "हेंच तेल नव्या रॅकांत गेलें, तर सहा महिन्यांत पुन्हां आपली भेट." म्हणून त्यानें डबा व नळ्या नव्या तेलानें धुऊन काढल्या. नळ्यांच्या जोडांवरचे वॉशर नवे घातले.

तेल कोणतें, याविषयीं गाडीच्या पुस्तिकेचा शब्द अखेरचा मानावा. कांहीं गाड्यांस स्वयंचलित गिअरचें तेल लागतें, कांहींस कंपनीचें विशिष्ट तेल. दोहोंची भेसळ करूं नये. ब्रेकचें तेल तर चुकूनहि घालूं नये. त्यानें सीलें फुगून नासतात. गळती थांबविणारीं म्हणून बाटल्या मिळतात, त्या रबर फुगवून कांहीं काळ ठिबक थांबवितात. खड्डे भरून काढीत नाहींत. आम्हीं तीहि एक बाटली ओतून पाहिली होती, हें ओघानें कबूल करतों.

शेवटीं हवा काढणें. पुढचीं चाकें अधांतरीं ठेवून, इंजिन बंद असतांना, त्यानें हातचाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पुष्कळ वेळां फिरविलें. मधून मधून डब्यांत तेल भरीत गेला. बुडबुडे थांबल्यावर मग इंजिन चालू केलें व पुन्हां तसेंच फिरविलें. तेलावर फेस दिसत असेपर्यंत काम झालें नाहीं असें समजावें. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. मोजलेले फेरे केवळ गाडी तेथवर नेण्यापुरते. अलाइनमेंट टाळली तर रॅक चांगला असूनहि टायर एका कडेनें झिजतात.

पुढची काळजी सोपी आहे. हातचाक शेवटच्या टोकास नेऊन कांहीं सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये. तेथें पंपावर सर्वांत अधिक भार पडतो. तेलाची पातळी महिन्यास पाहावी. आणि दरवर्षीं, आमच्याकडे मृगापूर्वीं छपराचीं कौलें परततात तेव्हांच, गाडी उचलून रबरी बूट तपासावे.

रॅक बसला त्या संध्याकाळीं थोरल्या सुनेस आम्हीं गाडी चालवून पाहण्यास सांगितलें व स्वतः शेजारीं बसलों. बंदराच्या रस्त्यानें जाऊन परत आलों. अंगणांत गाडी थांबल्यावर आम्हीं तिला म्हटलें, "मुली, तूं फोनवर विचारलें होतेंस त्याचें उत्तर द्यावयाचें राहिलें. माघापासून आम्हांस ठाऊक होतें." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमचा तेलाचा फडका मला चैत्रांतच न्हाणीमागें दिसला होता. मीहि विचारलें नाहीं. वाटलें, तुम्ही पाहत असाल."

हें उत्तर आम्हांस अपेक्षित नव्हतें. एका घरांत दोन शहाणीं माणसें एकच डाग पाहतात, आणि दोघेंहि दुसऱ्याच्या भरवशावर किंवा दुसऱ्याच्या भयानें गप्प बसतात. मग घाटांतल्या वळणावर तो डाग बोलतो.

आतां गाडीच्या किल्लीच्या खुंटीवर एक वही टांगलेली आहे. जो गाडी नेईल त्यानें, लहान-मोठें जें जाणवेल तें, परत आल्यावर तींत लिहावयाचें. धाकट्या चिरंजिवांनीं "कांहीं नाहीं" असें सलग पांच वेळां लिहिलें आहे. नातवानें "आजोबा फार हळू चालवतात" अशी तक्रार नोंदविली आहे. परवां सुनेची नोंद होती : "उजवीकडून परत येतांना चाक किंचित् सुस्त." आम्हीं तपासलें, उजव्या टायरांत हवा कमी होती. भरली, आणि तिच्या ओळीखालीं "दुरुस्त" असें लिहून सही केली. त्या वहींतील शुद्धलेखन आम्ही तपासत नाहीं, एवढें मात्र घरच्यांस वचन दिलें आहे.